मुक्या अक्षरांची घराणी

प्लायवूडच्या पार्टिशनला कोणी भिंत म्हणत असेल तर म्हणो बापडा. काकूंनी त्याला कधी भिंत म्हटलं नाही. पलीकडे बाहेरची खोली, तिथे संध्याकाळी मास्तरांचा इंग्रजी शब्दांचा क्लास. अलीकडे स्वयंपाकघर, तिथे काकू. मधे ते पार्टिशन. परतलेल्या कांद्याचा वास त्यातून पलीकडे जाऊन मुलांच्या नाकात शिरायचा, आणि पलीकडचे शब्द अलीकडे येऊन काकूंच्या कानात बसायचे. काकू म्हणजे मास्तरांची बायको. क्लासची मुलं काकू म्हणायची म्हणून दूधवाल्यापासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांच्याच त्या काकू झाल्या. एकटे मास्तर तेवढे "अगं" म्हणायचे.

मास्तरांची शिकवण्याची तऱ्हा जगावेगळी होती. ते शब्दांची घराणी लावायचे. ज्या शब्दांत तीच ती अक्षरं शेजारी शेजारी नांदतात, ते सगळे एका घराण्याचे. सुरुवातीला केएन असलं की केएन घराणं. त्यातला के लिहायचा, पण बोलायचा नाही. डब्ल्यूआर घराण्यात डब्ल्यू मुका. एमबी घराण्यात शेवटचा बी मुका. "घरातली थोर माणसं कोपऱ्यात गप्प बसलेली असतात ना, तशी ही अक्षरं," मास्तर मुलांना सांगायचे. "बोलत नाहीत म्हणून वगळलीत तर मार्क गेलेच समजा!" मग डस्टर टेबलावर आपटून ते एकेक शब्द टाकायचे आणि अख्खा वर्ग एका सुरात त्याचा अर्थ परत करायचा.

"निट!" "विणणे!"

"नील!" "गुडघे टेकणे!"

"नी!" "गुडघा!"

"नॉट!" "गाठ!"

अर्थ पहिल्या दिवशी फळ्यावर लिहिला की लिहिला. पुसल्यावर मास्तर तो पुन्हा कधी तोंडाने सांगायचे नाहीत. शब्द माझा, अर्थ तुमचा, हा त्यांचा कायदा. अर्थ आल्याशिवाय पुढचा शब्द नाही. आणि एखाद्याने जरी भलताच अर्थ ठोकून दिला, तरी गाडी परत पहिल्या शब्दावर. मग बाकीची पोरं त्या एकाच्या नावाने बोटं मोडायची.

काकूंना इंग्रजी वाचता येत नव्हतं. एबीसीडीतली निम्मी अक्षरं त्या अंदाजाने ओळखायच्या. पण इतक्या वर्षांच्या संध्याकाळी भाजी चिरता चिरता सगळी घराणी त्यांच्या डोक्यात चालीसकट मुक्कामाला आली होती. आता एमबी घराण्यात टूम म्हणजे थडगं, आणि त्याच्यामागून वूम म्हणजे गर्भाशय. हा अर्थ आला की मागच्या बाकावर खसखस पिकायची, म्हणून मास्तर घाईघाईने "पुढे! पुढे!" करायचे. कार्ट्यांनी तेच उचललं. मास्तर म्हणणार "वूम!" आणि वर्ग बोंबलणार "पुढे!" काकूंची कित्येक वर्षं पक्की समजूत होती की वूम म्हणजे पुढे. एकदा बसच्या दारात मास्तर वाट अडवून उभे राहिले, तर काकू मागून म्हणाल्या, "अहो, जरा वूम चला ना!" मास्तर असे काही हसले की चष्मा नाकावरून घसरला, आणि पुढचे चार दिवस काही आठवलं की पुन्हा हसायचे. काय झालं ते मात्र त्यांनी सांगितलं नाही. ते लेकीने सांगितलं, तेही मोठी झाल्यावर.

तर असे हे मास्तर एका सकाळी आरशासमोर दाढी करता करता वाकडे झाले. ब्रश हातातून पडला, गालावर फेस तसाच. उजवा हात आणि उजवा पाय गेल्यातच जमा झाला. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, जीव वाचला, वाचेचं बघू. बघायला उरलं होतं काय? पाणी नाही, नको नाही, अगं नाही. मानही हलवायचे ती उलटसुलट. होला नाही, नाहीला हो. "कुठे दुखतंय ते दाखवा" म्हटलं तर चांगला हात हवेत माशी हाकलल्यासारखा फिरायचा आणि खाली पडायचा. बाहेरच्या खोलीत बाकं एकावर एक रचून ठेवली, त्या जागी मास्तरांची कॉट आली, आणि डस्टर खिडकीत पडून राहिलं.

आणि मग एका संध्याकाळी, क्लासच्या वेळेला, काकू स्वयंपाकघरात डब्याचं घट्ट बसलेलं झाकण ओट्यावर आपटत होत्या. ठक, ठक, ठक. पार्टिशनच्या पलीकडून आवाज आला.

"निट."

काकूंच्या हातातलं झाकण तिथेच थांबलं. आपल्याला भास झाला असं वाटून त्या श्वास धरून उभ्या राहिल्या. पलीकडे शांतता. पण ती शांतता त्यांच्या ओळखीची होती. वर्ग उत्तर देत नाही तोवर मास्तर असेच थांबायचे.

"विणणे," काकू हळूच म्हणाल्या.

"नील."

"गुडघे टेकणे!" आता काकू ओरडल्याच, आणि ओले हात तसेच घेऊन बाहेर धावल्या. मास्तर उशीला टेकून बसले होते, नजर समोरच्या भिंतीवर, आणि एकामागून एक शब्द असे येत होते जसा काही मधे आजार झालाच नव्हता. काकू रडत होत्या आणि अर्थ देत होत्या. नकल, बोटाचं पेर. नाइफ, सुरी. केएन घराणं संपलं तेव्हा दोघांनाही धाप लागली होती.

लेक औषधांच्या दुकानात काउंटरला होती. ती घरी आली तेव्हा काकूंनी तिला दारातच धरलं. "अगं, तुझे बाबा बोलले!" लेकीने ऐकलं, तिचेही डोळे भरले, आणि दुसऱ्याच दिवशी ती वाचा शिकवणाऱ्या बाईंना घेऊन आली. हसऱ्या, तरण्याताठ्या, तोंडाचा पट्टा सतत चालू. काकूंनी मनातल्या मनात त्यांचं नाव बोलकी बाई ठेवलं. बोलक्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि काकूंच्या पाठीवर हात ठेवला.

"काकू, असं होतं. आकडे, गाणी, पाठ केलेलं काही, हे मेंदूत वेगळ्या जागी असतं. ते आपोआप बाहेर येतं. पण त्याच्यामागे काही म्हणायचं असतंच असं नाही. त्याचा अर्थ लावत बसू नका."

"अर्थ लावू नको तर काय करू?" काकू म्हणाल्या. "अर्थ लावणं हेच तर माझं काम आहे त्यात!"

काकू हट्टाला पेटल्या. बोलकी बाई गेल्यावर त्यांनी झाकण आपटलं, आणि मास्तर "निट" म्हणाले तेव्हा मुद्दाम म्हणाल्या, "कंगवा." मास्तरांच्या कपाळाला आठी पडली. "निट," ते पुन्हा म्हणाले. "विणणे." "नील." "अंगठा!" गाडी परत निटवर. काकू टाळी वाजवून लेकीला म्हणाल्या, "बघ गं! चूक कळते त्यांना. चूक कळते म्हणजे अर्थ कळतो. अर्थ कळतो म्हणजे आत माणूस जागा आहे!"

"आई, तीही सवयच असेल," लेक म्हणाली. पण तिच्याही आवाजात दम नव्हता.

काकूंना दुसरं काही नको होतं. पाठांतर तर पाठांतर, त्यातून एक शब्द, एकच, मास्तरांनी म्हणायचा म्हणून म्हणावा. मग त्यासाठी शंभर वेळा थडगं आणि कोकरू म्हणायला त्या तयार होत्या.

थंडीच्या सुरुवातीला मास्तर कण्हायला लागले. आधी दुपारी थोडं, मग दिवसभर. डोळ्यांतून पाणी यायचं, चांगली मूठ गादीवर आपटायची. जेवण कमी झालं. भात नको, भाजी नको, नुसतं पातळ सूप, तेही ओठांच्या फटीतून. गल्लीतले डॉक्टर येऊन पोट दाबून गेले, छाती तपासून गेले, लघवी तपासली, रक्त तपासलं. "काही सापडत नाही काकू. कुठे दुखतंय हे कळलं असतं तर बरं झालं असतं."

कळलं असतं तर! काकूंना असा संताप आला की डॉक्टरांचा चहा तसाच ओट्यावर राहिला. ज्या माणसाने गल्लीतल्या अर्ध्या पोरांना हाडापासून नखापर्यंत सगळ्याला इंग्रजी शब्द दिला, त्याला स्वतःचं दुखणं सांगायला शब्द नाही. आणि आपण हातावर हात ठेवून बसून बघतोय. छे! काकूंनी पदर खोचावा तशा बाह्या वर केल्या. घराण्यांमध्ये शरीराचे शब्द थोडेथोडके नाहीत. गुडघा आहे, मनगट आहे, अंगठा आहे. ज्या शब्दाला मास्तर अडतील, तिथे दुखणं.

त्यांनी झाकण आपटलं. निट, विणणे. नील, गुडघे टेकणे. नी, गुडघा. आणि मास्तर थांबले.

"गुडघा," काकू पुन्हा म्हणाल्या.

"नी," मास्तर म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

आजवर केएन घराणं कधी इथे अडलं नव्हतं. त्यांनी दम खाल्ला आणि डब्ल्यूआर सुरू केलं. रिंग, पिळणे. रिंकल, सुरकुती. रिस्ट, मनगट. पुन्हा अडले! "रिस्ट," मास्तर म्हणाले, "रिस्ट," आणि पुढे जाईनात. एमबी घेतलं. टूम, वूम, कोम, थम, नम, डम, सगळं सुरळीत. आणि लिम म्हणजे अवयव, तिथे गाडी ठप्प. गुडघा, मनगट, अवयव. आंधळ्यालाही दिसलं असतं! काकूंनी लेकीला दुकानात फोन लावला.

"सांधे आहेत गं! सांधे दुखतायत त्यांचे. त्यांनी स्वतः सांगितलं मला."

लेक कचरली. बोलक्या बाईंना विचारू म्हणाली. पण काकूंचा आवाज ऐकून तिचं पुढे काही चाललं नाही. डॉक्टरांनीही मान डोलावली. अंग एका कुशीवर पडून असलं की सांधे धरतात, म्हणाले, शक्य आहे. सांधेदुखीच्या गोळ्या लिहून दिल्या, चोळायला मलम दिलं. आणि काय सांगावं, पहिली गोळी पोटात गेली आणि तासाभरात मास्तरांचं कण्हणं थांबलं. पापण्या जड झाल्या, चेहरा सैल झाला, आणि किती दिवसांनी ते लहान मुलासारखे झोपले. काकू कॉटपाशी बसून त्यांचा गुडघा चोळत राहिल्या. इतकं सुख त्यांना लग्नात झालं नव्हतं. मास्तरांनी शब्द टाकला होता आणि अर्थ त्यांनी, एकट्या त्यांनी, बरोबर दिला होता. बोलकी बाई आली तेव्हा काकूंनी तिला असं काही ऐकवलं की ती बिचारी नुसती "छानच की" म्हणत राहिली.

मग गोळ्यांचा गुण कमी कमी होत गेला. एकाच्या दोन झाल्या. मास्तर पुन्हा कण्हू लागले आणि काकू आणखी जोरात गुडघे चोळू लागल्या. गरम पाण्याची पिशवी, मनगटाला लोकरी पट्टा, सगळे लाड. ते दिवसदिवस डाव्या गालाला हात लावून बसायचे. पेपर तपासतानाची त्यांची जुनीच बैठक ती, काकूंना उलट बरं वाटायचं. सूपसुद्धा नको झालं. चमचा जवळ आला की तोंड फिरवायचे. "रुसलेत," काकू म्हणायच्या, "पाय दुखला की माणूस चिडतो." त्या पुन्हा पुन्हा घराणी चालवायच्या, पुन्हा पुन्हा गाडी नीवर, रिस्टवर, लिमवर अडायची, आणि दर वेळी काकूंची खात्री दुप्पट व्हायची.

एका दुपारी मास्तरांचं अंग तापलं. काकू ओल्या फडक्याने तोंड पुसायला गेल्या. डाव्या गालाला फडकं लागलं मात्र, मास्तरांच्या घशातून असा आवाज निघाला की खिडकीतली चिमणी उडाली. काकू खाली वाकल्या. गाल सुजून टणक झाला होता, आणि बंद ओठांतून कुजकट वास येत होता.

"अहो, तोंड उघडा," काकू म्हणाल्या. "आ करा, आ."

आ. स्वतःच्या तोंडाने आ करून दाखवता दाखवता काकू तशाच राहिल्या. नीच्या पुढे कोण येतं? नॉट. रिस्टच्या पुढे राँग. लिमच्या पुढे लॅम, म्हणजे कोकरू. त्यांनी ते शब्द मनातल्या मनात म्हणून बघितले, एकेक करून, जबड्याला हात लावून. नी म्हणताना जबडा मिटलेला राहत होता. नॉट म्हणताना तो खाली पडत होता. लिम ओठांतल्या ओठांत होत होतं. लॅम म्हणायला अख्खं तोंड उघडावं लागत होतं.

मास्तर गुडघ्यावर अडलेच नव्हते. ते पुढच्या शब्दाला भीत होते. त्यांनी काही सांगितलं नव्हतं, आणि काकूंनी मात्र ऐकलं होतं. ते गाल धरून समोर बसले होते, चमच्यापासून तोंड चुकवत होते, आणि काकू कान टवकारून शब्द मोजत बसल्या होत्या. दाढेच्या दुखण्यावर त्यांनी गुडघे चोळले होते! काकूंनी कपाळावर हात मारून घेतला, एकदा, दोनदा. मग फोन उचलला आणि लेकीला एवढंच म्हणाल्या, "टॅक्सी घेऊन ये."

दवाखान्यात दातांच्या डॉक्टरांनी गालाला बोट न लावताच तोंड वाकडं केलं. "पू झालाय. ताप त्याचाच. आणखी पसरू द्यायचा नाही. दाढ काढावी लागेल, आत्ताच." पण वय असं, आधीचा अर्धांगाचा झटका तसा, पूर्ण भूल देण्याची त्यांची तयारी नव्हती. हिरडीत सुई देऊन जागा बधिर करायची, बस. "फक्त त्यांनी तोंड उघडायला हवं."

इथेच घोडं पेंड खात होतं. नर्सने गोडीत सांगून पाहिलं. डॉक्टरांनी स्वतः आ करून दाखवला. लेकीने "बाबा, माझ्याकडे बघा, असं" करून पाहिलं आणि रडू आल्यावर ती बाहेर जाऊन उभी राहिली. मास्तरांनी दात असे आवळले होते की गालाची शीर उडत होती. ओठांमधून चपटी पट्टी सरकवायला गेले तर त्यांनी चांगल्या हाताने डॉक्टरांचं मनगट धरलं, आणि त्या हातात अजून जोर होता.

"जबरदस्ती केली तर इजा होईल," डॉक्टर मागे सरून म्हणाले. "एकदाच उघडलं तरी पुरे. हा ठोकळा दातांत बसवला की मग तोंड मिटत नाही." त्यांच्या हातात रबराचा एक जाड ठोकळा होता.

काकूंनी तो ठोकळा बघितला. मग मास्तरांकडे बघितलं. त्यांना उत्तर माहीत होतं. आत आल्यापासून माहीत होतं, आणि कोणीतरी दुसरा उपाय काढेल म्हणून त्या इतका वेळ गप्प राहिल्या होत्या.

"मी उघडवते," त्या म्हणाल्या. "तुम्ही तयार राहा. मी अंगठ्यावर आले की जवळ या."

डॉक्टरांना काही कळलं नाही, पण ते बाजूला झाले. काकू खुर्चीसमोर स्टूल ओढून बसल्या. चष्म्याच्या डबीने त्यांनी खुर्चीच्या हातावर ठोकलं. ठक, ठक, ठक. मास्तरांनी मान वळवली. काकूंना बघून त्यांची पकड सैल झाली. जबडा नाही, पण खांदे खाली आले. त्या इवल्याशा परक्या खोलीत हे एक त्यांच्या ओळखीचं होतं.

"टूम," मास्तर म्हणाले, दातांतल्या दातांत.

"थडगं."

"वूम."

"पुढे," काकू म्हणाल्या. नर्सने चमकून डॉक्टरांकडे बघितलं. हसू यावं अशी ती वेळ नव्हती.

"कोम." "कंगवा." "थम." "अंगठा." डॉक्टर एक पाऊल जवळ आले. "नम." "बधिर." "डम." "मुका."

"लिम."

"अवयव."

मास्तर थांबले.

"अवयव," काकू म्हणाल्या.

"लिम," मास्तर म्हणाले. त्यांचे डोळे सांगत होते, पुढे नको. आता काकूंना ते स्वच्छ वाचता येत होतं, एक अक्षर मुकं न राहता. हे आधीच आलं असतं तर!

"अवयव. अहो, पुढे." काकूंनी त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. "एकच. माझ्यासाठी एकच म्हणा. कधी काही मागितलं नाही मी तुमच्याकडे. म्हणा ना हो."

मास्तरांनी त्यांच्याकडे बघितलं. मग त्यांनी डोळे मिटले, खांदे वर घेतले, आणि जेवढं उघडता येईल तेवढं तोंड उघडलं.

"लॅ..."

ठोकळा आत गेला. डॉक्टरांचा हात सराईत होता, क्षणात काम झालं. मास्तरांचे डोळे खाडकन उघडले. त्यांनी डॉक्टरांकडे बघितलं नाही, सुईकडे बघितलं नाही. काकूंकडे बघितलं. तोंड मिटता येत नव्हतं, शब्द पुरा होत नव्हता, घशातून नुसता तो एक उघडा आवाज येत राहिला.

"कोकरू," काकू म्हणाल्या. "कोकरू, कोकरू, अहो, कोकरू."

दाढ निघाली. ताप उतरला, सूज गेली, आठवडाभरात मास्तर भात खाऊ लागले. दातांचे डॉक्टर खूश, गल्लीतले डॉक्टर खूश. लेकीने बाबांसाठी मऊ बिस्किटं आणली. दुखणं गेलं ते साफ गेलं, कण्हणं नाही की मूठ आपटणं नाही. सगळं पुन्हा जागच्या जागी आलं म्हणायला हरकत नव्हती.

संध्याकाळी, क्लासच्या वेळेला, काकूंनी ओट्यावर झाकण आपटलं. पलीकडून काही आलं नाही. पुन्हा आपटलं. मग त्या बाहेर गेल्या आणि कॉटजवळ उभं राहून, जो अधिकार त्यांचा नव्हता तो घेऊन, स्वतःच म्हणाल्या, "निट."

मास्तरांनी त्यांच्याकडे एकदा बघितलं. ओठ एकमेकांवर घट्ट दाबले आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

दमले असतील, काकूंनी स्वतःला सांगितलं. दुसऱ्या दिवशीही तेच झालं, तिसऱ्या दिवशीही. डॉक्टर म्हणाले होते की इन्फेक्शनने मेंदूवर थोडा ताण येतो. होतं ते पाठांतरही गेलं असेल, असं लेक म्हणाली. काकूंना ते पटलं. पटवून घ्यायला ते बरंही होतं.

मग बोलकी बाई आली. काकू चहा टाकायला आत वळल्या, आणि बाईंनी खिडकीतलं डस्टर उचलून गंमत म्हणून टेबलावर आपटलं.

"निट," मास्तर म्हणाले.

"अय्या! काकू, ऐकलंत का? म्हणतायत की!" बोलकी बाई आनंदाने ओरडली. काकू धावत दारात आल्या. मास्तरांनी त्यांना बघितलं, आणि ओठ मिटले. काकू एक पाऊल मागे सरल्या, पार्टिशनच्या आड. थोड्या वेळाने पलीकडून आवाज आला, "निट."

"पाठांतर आहे हो हे काकू," बोलकी बाई बाहेरून समजावत होती, "त्यात मनाचं काही नसतं, तुम्ही लावून घेऊ नका."

नाही गं बाई, काकू मनात म्हणाल्या. आता नाही ते नुसतं पाठांतर. इतके महिने ज्याची भीक मागितली ते त्यांना मिळालं होतं. मास्तर ओठ मिटून एक गोष्ट म्हणायची म्हणून म्हणत होते, आणि ती फक्त काकूंना म्हणत होते. तिचा अर्थ लावायची गरज नव्हती. त्या ओट्याला धरून उभ्या राहिल्या आणि चहा उतू गेला.

"निट म्हणजे काय बरं? हां, विणणे!" बाहेर बोलकी बाई म्हणाली.

"नील."

"नील... थांबा हं, नील म्हणजे..." बोलकी बाई अडली. पलीकडे शांतता पसरली, वर्ग उत्तर देत नाही तेव्हाची. अर्थ काकूंच्या जिभेवर तयार होता. पण त्यांचा आवाज पलीकडे गेला असता तर मास्तर पुन्हा गप्प झाले असते. काकूंनी ओट्यावर सांडलेला चहा पुसायला फडकं घेतलं, आणि पार्टिशनकडे तोंड करून, आवाज न करता, नुसते ओठ हलवून उत्तर दिलं.